मुलुंडच्या सोसायटीत वृक्षफेरी सुरू करायची आहे. मागच्या उताराचं काय करावं?

डोंगरपायथा (मुलुंड), शनिवार रात्री

नमस्कार मंडळी. मी मुलुंड पश्चिमेला राहते. आमची सोसायटी डोंगराच्या अगदी पायथ्याला आहे, मागच्या भिंतीपलीकडे राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते. भिंतीच्या अलीकडे, शेवटच्या इमारतीमागे सोसायटीच्याच मालकीचा जेमतेम अर्धा एकर उतार आहे. बिल्डरने तो तसाच सोडला होता. वरच्या अंगाला गवत आणि काही मोठी झाडं, मधे घाणेरीचं रान, खाली सुबाभूळ आणि गिरिपुष्प माजलंय.

दोन गोष्टी एकदम समोर आल्या आहेत. मार्चमध्ये भाचीबरोबर राणीच्या बागेतल्या एका वृक्षफेरीला गेले. कैलासपतीची फुलं थेट खोडावर लगडलेली असतात हे मी इतकी वर्षं मुंबईत राहून पाहिलं नव्हतं. उर्वशीचे फुललेले घोस पाहून तर तिथून पाय निघेना. तेव्हापासून मनात आहे की आपल्या आवारात, आपल्या रस्त्यावर अशी फेरी का असू नये? कमिटीने होकार दिलाय. अडचण अशी की माझं शिक्षण कॉमर्सचं, नोकरी बँकेत. झाडं ओळखते ती वीस-पंचवीस. कुणी नाव विचारलं आणि मला सांगता आलं नाही तर काय करायचं?

दुसरी गोष्ट. एका कंपनीने सोसायटीला मियावाकी जंगल (थोड्या जागेत दाट रोपं लावून वाढवलेलं) फुकट करून द्यायची तयारी दाखवली आहे. जेसीबी लावून उतार साफ करायचा, माती उकरायची आणि हजारो रोपं लावायची. ५ जूनला, पर्यावरण दिनाला उद्घाटन. कमिटी खूश आहे. मला मात्र धाकधूक वाटते आहे, पण मांडायला मुद्दा सापडत नाही. जाणकारांनी दोन्हींबद्दल सांगावं. फेरीला मुलं असणार आहेत, सात-आठ वर्षांपासून पुढची.

सातवीण (दादर), रविवार सकाळी

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. फाइव्ह गार्डन्स आणि पारशी कॉलनीच्या परिसरात लोकांना झाडं दाखवत फिरते. शिवाय ठाण्याच्या बाजूला एका डोंगरउतारावर आमचा छोटा गट घाणेरी काढायचं आणि तिथलं रान परत उभं राहू द्यायचं काम करतो. त्यामुळे तुमचे दोन्ही प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे आहेत. आणि खरं सांगायचं तर मला ते दोन प्रश्न वाटतच नाहीत.

जे घाईचं आहे ते आधी सांगते. जेसीबी उतारावर चढू देऊ नका. निदान एक पावसाळा तो उतार नुसता बघा. वृक्षफेरीचा शेवटचा थांबा तोच ठेवा. तिथे काय उगवतंय, काय मरतंय हे तुमच्याच लोकांना दर महिन्याला दिसू दे. काय लावायचं, काही लावायचं तरी का, हे त्यातूनच ठरेल.

आता फेरीबद्दल. नावांचं दडपण मनातून काढून टाका. पंचवीस झाडांची नावं भराभर सांगितली तर गेटपाशी येईपर्यंत लोकांच्या डोक्यात दोन उरतात. मी एका फेरीत पाच-सहा झाडांच्या पुढे जात नाही. झाडापाशी पोचलं की आधी मी गप्प बसते. लोकांना म्हणते, वर बघा, मग खाली बघा, मग खोडाला हात लावा. थोड्या वेळाने प्रश्न आपोआप यायला लागतात, आणि ते पुस्तकातल्या प्रश्नांपेक्षा चांगले असतात. नाव येत नसेल तर सरळ सांगायचं की येत नाही, पान-फूल-साल यांचे फोटो काढू आणि पुढच्या वेळी शोधून आणू. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर फोटो टाकले तर बरेचदा ओळख पटते.

तुमच्या आवारात खोटा अशोक असणारच. मुंबईत तो नाही अशी सोसायटी मला अजून भेटलेली नाही. लोक त्याला हिरवी भिंत समजतात आणि पुढे जातात. मुलांना त्याच्या कोवळ्या पानांची मागची बाजू बघायला सांगा. टेल्ड जे नावाचं काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं चपळ फुलपाखरू त्याच पानांवर अंडी घालतं, त्याच्या अळ्या तीच पानं खातात. एका मुलाला अळी सापडली की बाकीची पोरं तासभर हलत नाहीत.

सध्या बहावा फुलला असेल. फुलांचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही कुरतडलेल्या पानांकडे लक्ष वेधा. कॉमन एमिग्रंट या फिकट पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या बहाव्याची पानं खातात. झाडाला नवी पालवी येते, त्याचं काही बिघडत नाही. पण सोसायटीत कुणीतरी अळ्या पाहून औषध फवारायला माणूस बोलावतं. तुमच्या फेरीमुळे एक फवारणी जरी थांबली तरी मला वाटेल की फेरी कामाला आली.

उंबर असेल तर त्याच्यासाठी अर्धा तास ठेवा. उंबर फोडला की आत किडे निघतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे नाक मुरडतात. तिथेच खरी गोष्ट सुरू होते. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत शेकडो बारीक फुलं मिटलेली असतात. डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी एक गांधीलमाशी टोकाच्या भोकातून आत शिरते, परागकण पोचवते आणि काही फुलांत अंडी घालते. वड, पिंपळ, उंबर, पायर या कुळातल्या प्रत्येक झाडाचा आपापला कीटक असतो, दुसऱ्याचा चालत नाही. मग फळं पिकली की कोकिळा, तांबट, हरियाल, वटवाघळं येतात आणि बी दूरवर टाकतात. तुमच्या गच्चीच्या भेगेत उगवलेला पिंपळ तसाच आलेला असतो. मुलांना हे सगळं कळतं. मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

रेन ट्रीबद्दल मात्र मी जरा जास्त बोलते, कारण त्यात मुंबईसाठी मोठा धडा आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झाड आपल्या कितीतरी जुन्या रस्त्यांवर एका रांगेत लावलेलं आहे. त्याच्या सावलीचे आपण सगळे ऋणी आहोत. २०१३च्या आसपास त्यावर पिठ्या ढेकूण ही कीड पडली आणि ठिकठिकाणी ओळीनेच झाडं वाळायला लागली. रांगेत एकच जात असली की रोगाला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला काही अडथळाच राहत नाही. दादरची पारशी कॉलनी वसवताना मंचरजी जोशी यांनी वेगवेगळ्या रस्त्यांना वेगवेगळी झाडं लावून घेतली, म्हणजे सगळी एकदम निष्पर्ण होऊ नयेत. फिरदौसी रोडवर महोगनी, जाम-ए-जमशेद रोडवर अशोक. फेरीत मी लोकांना मुद्दाम एका रस्त्यावरून दुसऱ्यावर नेते. बोलण्याची गरज पडत नाही, सावलीचा रंग बदललेला त्यांनाच जाणवतो.

मग कुणीतरी विचारतंच, परदेशी झाडं तोडायची का? माझं उत्तर ठाम आहे. रस्त्यावर, आवारात उभं असलेलं जुनं झाड, मग तो मादागास्करचा गुलमोहर असो की आग्नेय आशियातला सोनमोहर, सांभाळायचं. ते आपल्या आयुष्याच्या शेवटी पडेल तेव्हा त्या जागी करंज, तामण, बकुळ, सातवीण, कळंब यांतलं काहीतरी लावायचं. आणि जंगलाला लागून असलेल्या जागेत मात्र बाहेरची झाडं लावायचीच नाहीत, कारण तिथून बी भिंत ओलांडून आत जातं. तुमचा उतार नेमका तसा आहे.

उताराच्या वरच्या अंगाला गवत आणि मोठी झाडं आहेत म्हणालात. कोणती आहेत ते बघून कळवाल का? साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असेल तर तो ऐन असायची शक्यता आहे. आणि गवतात बसून जमिनीलगत नीट बघा. उद्यानात २०२४च्या पावसाळ्यात कारवी, हे साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप, फुलली होती, त्याआधी २०१६ मध्ये. फुलून बी धरलं की कारवीची झुडपं वाळून जातात. बोंडं पुढच्या पावसात फुटतात आणि बी रुजतं. म्हणजे तुमच्याकडे कारवी असेल तर तिची नवी पिढी आत्ता अगदी लहान असणार, लांबून गवतच वाटेल. जेसीबी फिरला तर ती पिढी गेली. कारवीची दाट मुळं उताराची माती धरून ठेवतात, ते वेगळंच.

फेरीची वेळ पूर्ण उजाडल्यावरची ठेवा, संध्याकाळची नको. डोंगरालगत बिबट्याचा वावर असतो. घाबरायचं कारण नाही, पण मुलं सोबत आहेत.

चेंबूरकर, रविवार दुपारी

सातवीणताईंबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. आमच्या इथे महापालिकेच्या एका भूखंडावर मियावाकी पद्धतीने लावलेलं जंगल मी स्वतः वाढताना पाहिलं आहे. आधी तिथे राडारोडा टाकायचे, रात्री दारू प्यायला लोक बसायचे. आता तिथे आत माणूस शिरू शकत नाही इतकी दाट झाडी आहे. भारद्वाज येतो, शिंपी येतो, मुंगूस राहतं. आमच्या घरातली धूळ कमी झाली असं आईसुद्धा म्हणते. फुकट मिळतंय आणि तेही देशी झाडांचं, तर नाही म्हणू नका. सुबाभळीचं आणि घाणेरीचं रान ठेवून काय साधणार? एक वर्ष नुसतं बघण्यात गेलं तर कंपनी दुसऱ्या सोसायटीकडे जाईल.

कागदपत्रं (मुलुंड), रविवार रात्री

मी याच वॉर्डात राहतो, सोसायट्यांची कामं बघतो. कमिटीला एवढं नक्की सांगा: महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ सोसायटीच्या खासगी जागेलाही लागू होतो. आपल्या कुंपणातलं झाड म्हणून परवानगीशिवाय तोडता येत नाही. सुबाभूळ असली तरी आधी महापालिकेच्या टी वॉर्डाच्या (म्हणजे आपल्या मुलुंडच्या) उद्यान विभागात अर्ज करा. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे आणि ते तोडायची वेळ आली तर जितकं वय तितकी नवी झाडं लावावी लागतात. वरच्या बाजूची मोठी झाडं त्यात बसत असतील तर "उतार पूर्ण साफ" हे वाक्यच प्रस्तावातून काढायला हवं.

मोजणीही करून घ्या. भिंत म्हणजेच हद्द असं गृहीत धरू नका. वनजमिनीत खुरपं चालवायचं झालं तरी वनखात्याला विचारावं लागतं.

आणि फेरीत बुंध्याभोवतीचं काँक्रीट दाखवाच. खोडाभोवती निदान एक मीटर जागा मोकळी असावी असा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा २०१३चा आदेश आहे. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला टेकलेले असतील तर फोटो काढून वॉर्ड ऑफिसला तक्रार द्या. पावसाळ्यात झाडं पडतात तेव्हा लोक झाडाला दोष देतात. मुळं केबलसाठी कापलेली असतात आणि उरलेल्यांना हवा-पाणी मिळत नसतं.

डोंगरपायथा, सोमवार रात्री

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ऑफिसातून लवकर येऊन उतारावर गेले, आमचे वॉचमन काका बरोबर होते. ते मूळचे जव्हारचे. सातवीणताई, वर मगरीच्या सालीची तीन झाडं आहेत आणि काकांनी विचारायच्या आधीच "ऐन" म्हटलं. एक काटेसावर आहे, खाली कापूस पडलेला होता. दोन पळस. एक झाड काकांनी काकड म्हणून दाखवलं. गवतात दातेरी पानांची बारीक रोपं खूप आहेत, फोटो काढलेत. काका म्हणाले कारवीच. मोठ्या कारवीच्या वाळलेल्या काठ्याही अजून उभ्या आहेत.

चेंबूरकर, तुमचं म्हणणंही पटतं. खालचा भाग खरंच बकाल आहे. आता कमिटीपुढे काय मांडू?

सातवीण, मंगळवार सकाळी

ताई, फोटो पाहिले. कारवीच आहे! वॉचमन काकांना माझा नमस्कार सांगा. तुमच्या फेरीचे मार्गदर्शक तुम्हाला गेटवरच मिळाले आहेत.

चेंबूरकर, तुमच्या भूखंडाबद्दल मी पूर्ण सहमत आहे. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांची पद्धत जिथे जमीन मेलेली असते तिथे उपयोगी पडते. माती खोलवर मोकळी करून, खत घालून, एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं लावायची आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी घालायचं, तण काढायचं. राडारोड्याच्या जागेवर दुसरं काही करणं कठीणच असतं. मुंबईने याहून अवघड जागाही हिरवी केली आहे. धारावीजवळ मिठीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ती ३७ एकर जागा एके काळी शहराचं कचऱ्याचं मैदान होती. १९८३ मध्ये सलीम अलींच्या हस्ते तिथे पहिलं रोप लागलं, १९९४ मध्ये उद्यान लोकांना खुलं झालं. आज तिथे गेलं की पायाखाली कचरा आहे यावर विश्वास बसत नाही. ताई, तुमच्या गटाची दुसरी-तिसरी फेरी तिथे जरूर काढा.

पण तुमचा उतार मेलेला नाही. तिथे ऐन, सावर, पळस, काकड उभे आहेत, कारवी रुजलेली आहे, माती जागेवर आहे. जिवंत जमीन उकरायची आणि मग तिच्यावर जंगल लावायचं, हे मला कुठल्याच हिशेबाने पटत नाही. त्यात हा उतार आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. मे महिन्यात मीटरभर खोल भुसभुशीत केलेली माती जुलैत तुमच्या शेवटच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये येईल. कमिटीला दुसरं काही पटलं नाही तरी हे पटेल.

गवताबद्दलही एक सांगते. लोकांना गवत दिसलं की जागा रिकामी वाटते. आपल्या डोंगरउतारांवर गवत आणि अधूनमधून झाडं हे रानाचं पूर्ण रूप असू शकतं. तिथे कीटक आहेत, सरडे आहेत, पावसात उगवणारे कंद आहेत. प्रत्येक हिरव्या जागेचं दाट जंगल झालंच पाहिजे असं नाही.

मग करायचं काय? वरच्या भागाला हात लावू नका. उगवलेली रोपं शोधा आणि प्रत्येकाशेजारी बांबूची काठी रोवा, म्हणजे कुणी गवत कापताना ती छाटणार नाही. ऐन, पळस यांना बुडातून फुटवे येतात, तेही जपा. रोप विकत आणून जगवण्यापेक्षा आपणहून आलेलं रोप जगवणं सोपं असतं, त्याचं मूळ आधीच खाली गेलेलं असतं. डोंगराकडच्या बाजूने हिवाळ्याअखेर गवताची पट्टी काढून जाळरेषा ठेवा. उन्हाळ्यातला वणवा एका दुपारी कितीतरी वर्षांची वाढ संपवतो.

मधली घाणेरी ही तुमची खरी मेहनत. नुसती वरून छाटली तर दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने रुळवलेली पद्धत आम्ही वापरतो: खोड जिथे मुळाला मिळतं तिथे, जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली कुदळीने तोडायचं आणि झुडूप तिथेच उलटं करून ठेवायचं, मुळं वर. वाळून जातं. पावसाळ्यानंतर त्या जागी घाणेरीची बारीक रोपं येतात ती हाताने उपटायची. बुलबुल घाणेरीची फळं खातात आणि ज्या फांदीवर बसतात तिच्याखाली बी पडतं, म्हणून मोठ्या झाडांखाली आधी शोधा. सगळं एकदम काढू नका. एकदम उघडी पडलेली माती पहिल्याच सरीत वाहते, आणि घाणेरीच्या जाळीत पक्ष्यांची घरटी असतात. पट्ट्यापट्ट्याने, वरून खाली, दोन-तीन हंगामांत.

खालची सुबाभूळ आणि गिरिपुष्प परदेशी असली तरी राहू द्या तूर्त. शेंगा पिकायच्या आत काढायच्या, पावसात जमीन मऊ असताना लहान रोपं उपटायची. त्यांच्या विरळ सावलीत आपली झाडं वाढतात, ती डोक्यावर गेली की परवानगी घेऊन एकेक सुबाभूळ काढायची. "कागदपत्रं" यांनी सांगितलेलं अगदी खरं आहे, विचारल्याशिवाय काही तोडू नका.

कंपनीला परत पाठवायची गरज नाही. त्यांना सांगा की रोपांऐवजी तीन वर्षं दोन माणसांची मजुरी द्या, कुदळी द्या, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर द्या. पाटी लावायची असेल तर लावू दे.

रानभाजी (ठाणे), मंगळवार रात्री

वॉचमन काकांबद्दल वाचून लिहावंसं वाटलं. येऊरच्या बाजूला मी पाड्यांवरच्या बायकांबरोबर फिरते. काकडाचं झाड सापडलंय ना, त्याची गोष्ट मुलांना जरूर सांगा. जूनच्या सुरुवातीला बाजारात शेवळं ही रानभाजी येते, त्या जुडीबरोबर हिरवी आंबट काकडं मिळतात. शेवळांची खाज मारायला ती लागतातच. मुलुंडच्या मंडईत त्या दिवसांत डोंगरावरून उतरलेल्या मावश्या बसतात. एक फेरी मंडईतच काढा! शेवळं, कोरल, टाकळा, कुड्याची फुलं. कुठली भाजी कुठल्या झाडाखाली येते हे त्या सांगतील आणि उतारावर काय राखायचं तेही कळेल.

माझी एक विनंती आहे. काकांना किंवा कुणा मावशींना फेरीत बोलवाल तर मानधन द्या, आणि ते आधी ठरवा. डिग्री असलेल्या माणसाला आपण पाकीट देतो आणि ज्याने विचारायच्या आधीच झाड ओळखलं त्याला चहा. हे मला फार लागतं. आणि त्यांना "तुम्ही सांगा" म्हणून पुढे करा, आपण मागे उभं राहायचं.

चेंबूरकर, बुधवार सकाळी

कारवीचं मला माहीत नव्हतं. उतार आणि पाऊस हा मुद्दा मान्य. खालच्या बाजूला पार्किंगलगत सपाट, राडारोड्याची पट्टी असेल तर तेवढ्यात मियावाकी करता येईल का, हे विचारून बघा. कंपनीचाही मान राहील.

सातवीण, बुधवार सकाळी

हो, ही सूचना मला आवडली. तशी पट्टी असेल तर तिथे जरूर करा, फक्त रोपांची यादी आधी मागवा. यादीत इथल्या डोंगरावरची झाडं हवीत: ऐन, बेहडा, कुंभा, असाणा, मोई, धामण, बहावा, कुडा, करवंद. यादी आली की इथे टाका, मी बघून देते.

डोंगरपायथा, रविवार दुपारी

काल कमिटीची बैठक झाली. पार्किंगच्या बाजूला खरंच तशी पट्टी आहे, बांधकामाच्या वेळचा डेब्रिज पडलेला. तेवढ्यापुरतं मियावाकी आणि वरच्या उताराला जेसीबी नाही, यावर एकमत झालं. पार्किंगमध्ये येणाऱ्या मातीच्या मुद्द्यावर सगळे गप्प झाले होते! काकांचं मानधनही मंजूर झालं. मुलांना आत्तापासून काही काम देता येईल का? सुट्टी आहे, दिवसभर खाली असतात.

सातवीण, रविवार रात्री

बी गोळा करायला लावा, हेच दिवस आहेत. बहाव्याच्या गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा झाडाखाली मिळतील. बियांचं कवच टणक असतं, ते पॉलिश पेपरवर थोडं घासून रात्रभर पाण्यात ठेवायचं, मग रुजतं. पळसाच्या चपट्या शेंगा आता पिकतील, त्या वाळवत बसू नका, ताज्याच लावा. सावरीचा कापूस वाऱ्याने जायच्या आत वेचला तर त्यात काळं बी सापडतं. दुधाच्या पिशव्यांना खाली भोकं पाडून माती भरा. प्रत्येक पिशवीवर मुलाचं नाव आणि कुठल्या झाडाखालचं बी ते लिहा. बीजगोळे करून उतारावर फेकायचा मोह मात्र टाळा. ते बहुतेक वाया जातात आणि मुलं हिरमुसतात.

मोठ्या मुलांना एकेक झाड नेमून द्या. आठवड्यातून एकदा त्याला पालवी, कळी, फूल, फळ किती आहे ते नोंदवायचं. सीझनवॉच नावाचा उपक्रम देशभरातून अशाच नोंदी गोळा करतो, त्यात घालता येतील.

पहिली फेरी कोणत्या रविवारी ठेवताय? मला यायचं आहे. साडेसहापर्यंत मुलुंडला उतरेन, पश्चिमेला रिक्षा मिळते ना त्या वेळी?

डोंगरपायथा, रविवार रात्री

मिळते, पण रिक्षा नको, मी स्वतः स्टेशनवर घ्यायला येते. मे महिन्याचा दुसरा रविवार ठरवलाय. रानभाजीताई, तुम्हीही या.